ठरावाआधीची बैठक
महाराष्ट्रातील सर्व सरपंच भगिनी आणि बंधूंना खुले पत्र



राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींच्या ग्रामसभांचे अध्यक्षपद तुम्ही सांभाळता. रस्ता, गटार, घरकुल, नळयोजना यांची निवेदने तुमच्याकडे रोज येतात, म्हणून त्यांत आणखी एकाची भर घालत नाही. मला तुमच्याशी फक्त ग्रामसभेबद्दल बोलायचे आहे. मी ग्रामसभेत मागे उभा राहून ऐकणारा माणूस आहे, आणि तिथे जे पाहतो त्याने मला मनापासून काळजी वाटते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर: बहुतेक गावांत हे ग्रामसभेचे दिवस. बहुतेक वेळा सकाळी झेंडावंदन होते, मुलांना खाऊ वाटला जातो, मग शाळेच्या व्हरांड्यात किंवा मारुतीच्या देवळात सतरंजी अंथरली जाते. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) मागच्या सभेचे प्रोसिडिंग भराभर वाचतात. ते कोणाला ऐकू जात नाही आणि कोणी थांबवतही नाही. घरकुलाची यादी निघाली की आवाज चढतो. एक गट उठतो, दुसरा त्याच्यावर धावून जातो, पाचसहा जण मोबाइलवर चित्रीकरण करू लागतात. बायका भिंतीकडेला बसलेल्या असतात, त्या आल्या तशा परत जातात. वस्तीवरची माणसे बहुतेक वेळा आलेलीच नसतात, कारण मागच्या वेळी आली तेव्हा कोणी त्यांच्याशी बोलले नव्हते. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे आठवड्याने दहाबारा माणसांत सगळे विषय मंजूर होतात आणि शिपाई सह्यांचे रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. पुढे कधी कोणी विचारले की हे कोणी ठरवले, तर उत्तर तयार असते: ग्रामसभेने.

सगळीकडे असेच चालते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण हे वाचताना तुम्हाला आपले गाव दिसले असेल, तर पुढचे तुमच्यासाठी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. गावात एकमेकांवर विश्वास उरला नाही याचे एक मोठे कारण म्हणजे आपण गावाला बोलायला बोलावतो ते थेट निर्णय घेण्याच्या वेळी. त्या वेळी प्रत्येक वाक्य कोणाच्या तरी बाजूचे किंवा विरुद्धचे ठरते. शंका विचारणारा विरोधक होतो, गप्प बसणारा संमती देणारा होतो. ज्याला अजून काही कळलेले नाही, त्यानेही हात वर किंवा खाली करायचा असतो. त्याआधी, कोणताही ठराव समोर नसताना, नुसते समजून घेण्यासाठी बसण्याची जागा गावात हवी. ही कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. ती आपल्याच राज्यातल्या एका छोट्या गावाने चाळीसेक वर्षांपासून वापरून दाखवली आहे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा या गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. शेजारच्या लेखा गावामुळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. शंभराच्या आसपास घरे, वस्ती गोंड आदिवासींची. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा राज्यभर गेली, अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतींवर रंगवलीही गेली. घोषणा गेली, पण तिच्या मागची पद्धत गेली नाही. मला त्या पद्धतीबद्दल बोलायचे आहे.

१९८०च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात गडचिरोलीत मोठे आंदोलन झाले. गावे आणि जंगल पाण्याखाली जाणार होते. त्या आंदोलनात मेंढ्यातली माणसे होती. धरणे थांबल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न राहिला: सरकारला नको म्हणणे जमले, पण आपल्या गावात आपण काय ठरवतो, आणि कसे ठरवतो? देवाजी तोफा हे गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले कार्यकर्ते. या दोघांच्या सोबतीने गावाने दोन वेगळ्या बैठका उभ्या केल्या. एक अभ्यासगट, दुसरी ग्रामसभा.

अभ्यासगटात कोणीही यावे. गावातला, बाहेरचा, शिकलेला, न शिकलेला. विषय ठरलेला असतो: वनकायदा काय म्हणतो, बांबू कसा तोडला तर पुन्हा फुटतो, पोळ्यातल्या माश्या न मारता मध कसा काढायचा, दारूने घरात काय होते. एखाद्या विषयावर पुन्हा पुन्हा बसले जाते. ज्याला माहिती आहे त्याने ती द्यायची, ज्याला शंका आहे त्याने ती विचारायची. आणि तिथे कोणताही निर्णय घ्यायचा नाही. या शेवटच्या अटीवर सगळे उभे आहे. निर्णय होणार नाही हे माहीत असले की माणूस आपले मत बदलायला मोकळा असतो. काल एक म्हणालो, आज दुसरे म्हणतो, यात कोणाची हार होत नाही. ज्याच्या हातात सत्ता नाही त्यालाही ‘मला हे पटत नाही’ म्हणता येते, कारण त्या वाक्याने लगेच कोणाचे काही बिघडणार नसते.

निर्णय ग्रामसभेचा. आणि तो बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा, असा मेंढ्याचा नियम आहे. एकाचीही हरकत असली तर विषय पुढच्या वेळेवर जातो. मधल्या काळात त्या माणसाची हरकत नेमकी काय आहे ते समजून घेतले जाते. कधी तो समजतो, कधी बाकीच्यांना कळते की त्याचे म्हणणे खरे होते. बाहेरून आलेल्या माणसाचे स्थानही तिथे ठरलेले आहे. मोहनभाऊंनी त्यासाठी शब्द वापरला तो ‘सहयोगी मित्र’. मित्राने माहिती आणावी, कायद्याचे कलम उलगडून सांगावे, अडचणीत सोबत करावी, पण निर्णयात त्याचे मत नाही. आपल्या गावांत येणारे अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते आणि आमच्यासारखे लिहिणारे, या सर्वांनी हे एवढे पाळले तरी निम्मा गोंधळ कमी होईल.

याचा उपयोग काय झाला? वनहक्क कायदा २००६ साली आला आणि २००८पासून अमलात आला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांत त्याची गणना होते. हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो द्यायला वनखाते तयार नव्हते. बांबू वृक्ष की गवत, हा वाद उभा राहिला, जरी वनहक्क कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले होते. गावाने कायदा आधीच वाचलेला होता, अभ्यासगटात अनेकदा चर्चिलेला होता. म्हणून गाव मागे हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. पुढे २०१३ साली मेंढा महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली ग्रामदानी गाव झाले, म्हणजे शेतजमिनीची मालकी माणसांनी ग्रामसभेकडे सोपवली. जमिनीच्या बांधावरून सख्ख्या भावांचे खून पडतात अशा आपल्या राज्यात हे घडले. आपला शेजारी आपल्याला फसवणार नाही याची खात्री असल्याशिवाय कोणी सातबारा सोडत नाही. ती खात्री त्या गावात वर्षानुवर्षांच्या बोलण्यातून आली होती.

आता तुमच्या मनात येणारा पहिला प्रश्न मला दिसतो. मेंढा शंभर घरांचे, एका समाजाचे गाव. तुमच्याकडे सहा हजार मतदार, चार पाडे-वस्त्या, दोन पक्ष, तीन भावक्या आणि जातींची उतरंड. तिथे सर्वसहमती कशी व्हायची?

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला मी झटकणार नाही. उलट मी म्हणेन की अशा गावात ‘एकमत’ हा शब्द ऐकला की आधी सावध व्हावे. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळातल्या ग्रामपंचायत निवडणुका आठवा. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत सरपंचपदासाठी जाहीर बोली लागल्या. मोठ्या रकमा पुकारल्या गेल्या. गावात भांडण नको, निवडणूक बिनविरोध होईल, पैसा देवळाला आणि विकासाला मिळेल, असे समर्थन झाले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली, आणि ते योग्यच केले. बाहेरून पाहिले तर ती गावाची एकी होती. आतून पाहिले तर ज्याच्याकडे बोली लावण्याएवढा पैसा नाही त्याला आधीच बाहेर काढले होते आणि त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हटले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाबद्दल जे कठोर उद्गार काढले, ते याच अनुभवातून. खेडे म्हणजे संकुचितपणाची आणि अज्ञानाची जागा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ग्रामस्वराज्याची गोडी असलेल्या आमच्यासारख्यांनी ते भाषण टाळून चालणार नाही. महाडचेच घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या बोले ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला, तळ्याचे पाणी अस्पृश्यांना घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला तेव्हा त्यांनी ते पाणी प्रथम प्यायले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. यातून दोन गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात आणि त्या एकमेकींना टोचतात. ठराव करून माणसांची मने बदलत नाहीत, हे खरे. आणि हक्काचे पाणी प्यायला कोणी गावाचे मन बदलण्याची वाट पाहू नये, हेही खरे.

म्हणून माझी पहिली विनंती मर्यादेची आहे. संविधानाने दिलेला हक्क चर्चेला ठेवू नका. सार्वजनिक विहीर, स्मशानभूमी, देऊळ, मिरवणुकीचा रस्ता, अंगणवाडीत कोणाच्या हातचे जेवायचे, हे विषय सहमतीचे नाहीत. तिथे सरपंचाने कायदा लागू करायचा आणि तो का लागू केला हे सर्वांसमोर सांगायचे. संवाद त्याच्या पुढच्या गोष्टींवर करायचा: पाणी किती आहे, कोणाला किती, पैसा आधी कुठे घालायचा, गायरानाचे काय करायचे.

आणि जिथे दडपण फार आहे तिथे उघड बोलण्याचा आग्रहसुद्धा धरू नका. दारूबंदीची तरतूद पाहा. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायका मागणी करतात, मग गुप्त मतदान होते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तरच दुकान बंद होते. मतदान गुप्त ठेवणाऱ्याला गाव कळले होते. नवरा, दीर, दुकानदार समोर उभे असताना हात वर करायला सांगणे हे त्या बाईवर अन्याय करणे आहे. पण तुम्ही कधी अशा गावात गेला असाल तर हेही पाहिले असेल की मतदानाच्या आधी कित्येक आठवडे बायका एकमेकींच्या ओट्यावर बसून बोलत होत्या. त्या ओट्यावरच्या बोलण्याशिवाय निम्म्या बायका मतदानाला बाहेर पडल्याच नसत्या.

हेच तर अभ्यासगटाचे काम आहे. सहा हजार मतदारांच्या गावात त्याचे रूप वेगळे होईल. एक बैठक पुरणार नाही, वस्तीवस्तीला वेगळी लागेल. आधी बायकांची वेगळी, कारण कायद्यानेच ग्रामसभेआधी महिलासभा बंधनकारक केली आहे आणि बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच होते. मजुरी करणाऱ्यांची रात्री, कारण त्यांचा दिवसाचा रोज बुडवून ते ग्रामसभेला येणार नाहीत आणि त्यांनी यावे अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. दलित वस्तीची त्यांच्याच समाजमंदिरात, आणि तिथे सरपंचाने स्वतः जाऊन सतरंजीवर बसायचे. कायद्याने ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढा. म्हणजे सहा हजारांच्या गावात शंभर माणसे जमली की गाव जमले. बाकीचे ५९०० कुठे बोलले, याची चिंता कायदा करत नाही. ती तुम्ही करायला हवी.

या बैठकांत माहिती आधी मांडा, मते नंतर. अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजारचे नाव घेतले की लोक पाणलोटाची कामे, झाडे, पद्मश्री पोपटराव पवार यांच्याबद्दल बोलतात. मला तिथली जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती पाण्याच्या ताळेबंदाची. पाऊस किती पडला याचे मोजमाप गावात होते. त्यातून जमिनीत किती मुरले असेल, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्या पाण्यात कोणती पिके बसतील, हे ग्रामसभेपुढे मांडले जाते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे नियम त्या गावाने स्वतःवर घालून घेतले. अवर्षणप्रवण भागात बोअर घ्यायची नाही असे शेतकऱ्याला सांगणे किती अवघड आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत. तो ऐकतो, कारण आकडा त्याच्यासमोर मोजला गेला आहे आणि शेजाऱ्यालाही तोच नियम लागू आहे. गावातल्या बहुतेक भांडणांत दोन्हीकडे राग असतो आणि माहिती कोणाकडेच नसते. वित्त आयोगाचे किती पैसे आले, किती खर्च झाले, किती उरले, हे तुम्ही शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिले तर पुढच्या ग्रामसभेतले अर्धे आरोप तिथेच संपतील. उरलेल्या अर्ध्यांत काही खरे असतील, त्यांचे उत्तर तुम्हाला द्यावेच लागेल.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचेही उदाहरण सांगण्यासारखे आहे. २०१२ साली त्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. जंगल कसे वापरायचे याचे नियम गावाने दीर्घ चर्चा करून लिहिले. तेंदूपाने तोडायची नाहीत, हा त्यांतला एक. विदर्भात तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा, त्यामुळे हे सोपे नव्हते. पण तेंदूसाठी झाडे छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, फळे धरत नाहीत, हे सगळ्यांनी एकत्र बसून मोजले आणि बांबूवर भर द्यायचे ठरवले. बाहेरून कोणी हा नियम लादला असता तर तो पहिल्याच उन्हाळ्यात मोडला असता.

याच्या उलट बाजूही आपण पाहिली. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र काढायचे, हे गावाने नाकारले. या ठरावाला माझा मनापासून नमस्कार आहे. १७ मे २०२२ रोजी राज्य शासनाने परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले आणि गावोगाव तसे ठराव झाले. ते करताना आपल्यापैकी किती जणांनी गावातल्या विधवा बायकांना आधी एकत्र बसवून विचारले की तुम्हाला काय हवे आहे? कोणी म्हणाली असती, कुंकू राहू दे, आधी शेतावर माझे नाव लावून द्या. कोणी म्हणाली असती, हळदीकुंकवाला बोलावता का ते पाहते. ठराव तोच झाला असता, पण त्याच्यासोबत आणखी चार गोष्टी झाल्या असत्या, आणि पुढच्या मृत्यूच्या वेळी त्या घरातल्या म्हातारीला समजावणाऱ्या बायका गावात तयार असत्या. अजूनही वेळ गेलेली नाही. ठराव तुमच्या दप्तरात आहे. त्या बायकांना आता बोलवा.

काही सरपंच म्हणतात, एवढे बोलत बसलो तर कामे कधी होणार? निधी मार्चअखेर खर्च करायचा असतो, प्रस्तावाची तारीख उद्यावर आलेली असते. हे अडचणीचे आहे, मान्य. टँकर मागवायचा किंवा फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करायची तर सर्वसहमतीची वाट पाहू नये, निर्णय घ्यावा आणि नंतर हिशेब द्यावा. पण कोणत्या रस्त्याला आधी पैसा द्यायचा, पाण्याची टाकी कुठे बांधायची, गायरानावर सौरप्रकल्पाला जागा द्यायची का, या गोष्टी तारखेच्या आदल्या दिवशी अचानक जन्माला येत नाहीत. त्या सहा महिने आधीपासून तुमच्या डोक्यात असतात. त्या गावाच्या डोक्यातही त्याच वेळी जायला हव्यात. आणि न बोलता केलेल्या कामांचा वेळ मोजून पाहा: चुकीच्या जागी बांधलेले समाजमंदिर, तक्रारीत अडकलेली नळयोजना, चौकशीच्या फेऱ्या, एकमेकांविरुद्ध माहिती अधिकाराचे अर्ज. वाचवलेला वेळ तिथे व्याजासकट जातो.

सर्वसहमतीचा दुसरा धोका असा की गावातला दांडगा माणूस नकाराचे हत्यार उचलेल आणि जे चालले आहे ते तसेच ठेवेल. गायरानावर ज्याचे अतिक्रमण आहे तो कशाला हो म्हणेल? यावर मला एवढेच सुचते की हरकतीला कारण मागावे. मला नको, हे पुरेसे धरू नये. का नको, कोणाचे नुकसान आहे, काय बदल केला तर चालेल, हे सर्वांसमोर सांगायला लावावे. ज्याचे कारण स्वतःच्या अतिक्रमणापलीकडे जात नाही त्याला ते उघडपणे म्हणणे जड जाते. तरीही तो अडून बसला, तर बहुमताने ठरवा, आणि त्याची हरकत त्याच्या शब्दांत प्रोसिडिंगमध्ये लिहा. ज्याचा नकार नोंदला जातो तो पुढच्या सभेला येतो. ज्याचा पुसला जातो तो न्यायालयात जातो किंवा बांधावर उभा राहून दगड मारतो.

प्रोसिडिंगबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. सभा संपायच्या आत ते लिहून पूर्ण करा, मोठ्याने आणि सावकाश वाचा, आणि मगच सह्या घ्या. कोऱ्या पानावर सही घेण्याची पद्धत आजपासून बंद करा. मधे रिकाम्या ओळी सोडू नका. गेल्या सभेत जे ठरले त्याचे काय झाले, हे पुढच्या सभेच्या सुरुवातीला सांगा. झाले असेल तर झाले म्हणा, नसेल तर का नाही ते सांगा. या कामाला निधी लागत नाही, वरून मंजुरी लागत नाही. गावाच्या मनात ग्रामपंचायतीबद्दल जो संशय साठलेला आहे, त्याचा मोठा भाग या एका वहीत आहे.

सरपंच भगिनींशी दोन शब्द वेगळे. निम्मी सरपंचपदे तुमच्यासाठी राखीव झाली आणि त्याबरोबर घराघरांत एक नवा कारभारीही जन्मला, ज्याला लोक सरपंचपती म्हणतात. खुर्ची तुमची, माइक त्यांचा. ग्रामसभेत हे मोडणे अवघड जाते, हे मी समजू शकतो. गावातले सगळे बाप्ये समोर असतात, सासरे असतात, कायद्याची भाषा अपरिचित असते. पण वस्तीवरच्या छोट्या बैठकीत माइक नसतो. तिथून सुरुवात करा. बायकांच्या बैठकीला पतिराजांना नेऊ नका. दोनचार बैठकांत तुम्हाला गावाची अशी माहिती होईल जी तुमच्या घरातल्या कोणत्याही पुरुषाला नाही. कोणत्या हातपंपाला गढूळ पाणी येते, कोणत्या वळणावर मुली शाळेत जायला घाबरतात, कोणत्या घरात रेशन पोहोचत नाही. ती माहिती घेऊन ग्रामसभेत उभ्या राहाल तेव्हा तुमच्या वतीने कोणी बोलायची गरज उरणार नाही.

सरपंच बंधूंनाही एक सांगणे आहे. या बैठकांत कमी बोला. तुम्ही बोललात की चर्चा संपते, कारण गाव तुमच्या तोंडाकडे पाहून आपले मत ठरवते. आधी सर्वांत लहान घराला बोलू द्या. ज्याने गेल्या निवडणुकीत तुमच्या विरोधात पॅनेल उभे केले त्याला नाव घेऊन विचारा आणि तो बोलत असताना मोबाइल खाली ठेवा. तो पहिल्या वेळी टोमणे मारेल. दुसऱ्या वेळीही मारेल. त्याच्या टोमण्यात एखादी खरी गोष्ट असेल, ती उचला आणि त्याच्या नावाने मांडा.

गावातली शाळकरी आणि कॉलेजची मुले मोजमापाला घ्या. पर्जन्यमापक वाचणे, विहिरींची पातळी लिहिणे, फळ्यावर हिशेब मांडणे ती आनंदाने करतात. आणि त्यांच्या आकड्यावर कोणत्या गटाचा शिक्का नसतो, म्हणून दोन्ही गट तो मानतात.

पुढची सक्तीची ग्रामसभा ज्या दिवशी असेल, त्याच्या एक महिना आधी एक विषय निवडा. एकच, आणि तुमच्या गावाचा जिव्हाळ्याचा. त्यावर प्रत्येक वस्तीत एकदा बसा. तिथे ठराव मांडू नका, सही घेऊ नका, फोटो काढू नका. नंतर ग्रामसभेत तोच विषय पहिला घ्या आणि वस्तीवस्तीत काय ऐकले ते स्वतः सांगा, तुमच्या विरोधातले धरून. त्या दिवशी निर्णय झाला नाही तरी चालेल. तसे प्रोसिडिंगमध्ये लिहा, आणि पुढची तारीख सभा उठण्याआधी ठरवा.

आपला नम्र,
आपल्यापैकीच एका ग्रामसभेचा सदस्य